रोटरी क्लबच्या सेक्रेटरीपदाचं एक वर्ष: बुधवारच्या मीटिंगमागचं काम

"मॅडम, पुढच्या वर्षी सेक्रेटरी तुम्ही" असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न पडतो, म्हणजे नेमकं करायचं काय? शोधायला गेलं की पदग्रहण समारंभाचे फोटो भरपूर मिळतात. हार, पदाधिकाऱ्याच्या गळ्यातली मानाची कॉलर, शाल, श्रीफळ. दर आठवड्याची मीटिंग कशी उभी राहते, रजिस्टरमध्ये काय लिहायचं, डॉलरमधलं बिल कुणी भरायचं, हे मात्र कुठे सापडत नाही. २०२४-२५ हे वर्ष मी ते काम केलं. आमचं तालुक्याचं गाव, क्लब चाळीसेक सभासदांचा, मीटिंग दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला. मी पॅथॉलॉजी लॅब चालवते, त्यामुळे सात वाजता कामावरून निघणं हीच पहिली कसरत.

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं, पण सेक्रेटरीचं काम त्याच्या सहा महिने आधी सुरू होतं. क्लबच्या घटनेनुसार नव्या पदाधिकाऱ्यांची निवड ३१ डिसेंबरच्या आत वार्षिक सभेत करावी लागते. आमची निवड डिसेंबर २०२३ मध्ये झाली. निवड म्हणजे, अध्यक्ष होणाऱ्या दादांनी माझ्याकडे बघितलं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. दादांचा ठिबक सिंचनाचा व्यवसाय, माणसं जोडण्यात पटाईत, कागद म्हटलं की अंगावर काटा. म्हणून मी.

निवडलेल्यांची नावं १ फेब्रुवारीच्या आत 'माय रोटरी' या पोर्टलवर नोंदवायची असतात. ही नोंद मावळत्या सेक्रेटरीच्या लॉगिनमधून होते. त्यांच्या मागे लागून ती करून घ्या, कारण पुढचे सगळे ईमेल त्या नोंदीवरच येतात. माझी नोंद झाली आणि इनबॉक्समध्ये इंग्रजी पत्रांचा ओघ सुरू झाला. खरं सांगायचं तर तेव्हा पोटात गोळा आला होता. मिनिट्स, म्हणजे सभेचं इतिवृत्त, इंग्रजीत लिहायची, रिपोर्ट इंग्रजीत द्यायचे, हे मला झेपेल का? उत्तर पुढे आपोआप मिळालं. मिनिट्स मराठीत लिहिली तरी चालतात, सभासदांना समजली म्हणजे झालं. पोर्टलवर भरायचं ते बहुतेक आकड्यांत आणि तारखांत असतं.

मे महिन्यात डिस्ट्रिक्टचं, म्हणजे एका भागातल्या रोटरी क्लबांच्या गटाचं, प्रशिक्षण झालं. आमचा डिस्ट्रिक्ट ३१७०, म्हणजे कोल्हापूर, सांगली, कोकण, गोवा आणि कर्नाटकाचा काही भाग. मराठी, कोंकणी, कन्नड बोलणारे एकत्र, म्हणून भाषणं इंग्रजीत. भाषणांतून माझ्या हाती फारसं काही लागलं नाही. चहाच्या वेळी शेजारच्या तालुक्यातल्या एका जुन्या सेक्रेटरींनी दहा मिनिटांत जे सांगितलं, त्यावर माझं वर्ष निघालं. त्या म्हणाल्या, "बुधवारचं काम बुधवारी रात्रीच संपवायचं, झोपायच्या आधी. गुरुवारवर टाकलं की ते पुढच्या मंगळवारी आठवतं." पोर्टलवरच्या लर्निंग सेंटरमध्ये सेक्रेटरीसाठी छोटे अभ्यासक्रम आहेत, तेही फुकट. ते घरी बसून केले. प्रशिक्षणाची फी क्लबने भरली, गाडीचं पेट्रोल आम्ही चौघांनी वाटून घेतलं.

जून हा यादीचा महिना. हे नीट वाचा, कारण इथे पैसे जातात. रोटरी इंटरनॅशनलचं बिल वर्षातून दोनदा निघतं, १ जुलै आणि १ जानेवारीला, आणि त्या दिवशी पोर्टलवर जितकी नावं असतील तितक्यांचं निघतं. नंतर सांगून ते कमी होत नाही. आमच्या यादीत एक बदली होऊन गेलेले बँक मॅनेजर होते, एक जण दोन वर्षं फिरकलेच नव्हते. २०२४-२५ साठी सभासदामागे वर्षाला साडेअठ्ठ्याहत्तर डॉलर होते, त्याचे दोन हप्ते. वर जीएसटी आणि रोटरीच्या मासिकाची वर्गणी. रुपयांत एका हप्त्याला माणशी चार हजारांच्या आसपास पडत होते. डिस्ट्रिक्टची वर्गणी वेगळी. म्हणजे गेलेल्या माणसाचं नाव यादीत राहिलं तर क्लबच्या खिशाला भोक.

पण बोर्डाने ठरवून काढायचं नसेल, तर नाव काढायला लेखी राजीनामा हवा. (बोर्ड म्हणजे क्लबचं संचालक मंडळ.) बँक मॅनेजरांनी फोनवर "काढा की" म्हटलं, लेखी द्यायला दोन आठवडे लावले. दुसऱ्या गृहस्थांकडे दादा स्वतः घरी गेले. तासभर गप्पा, चहा, आणि परत आले ते सांगत, "ते येणार आहेत या वर्षी." ते खरंच आले, नियमित आले. ते गेल्या दोन वर्षांत का आले नाहीत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, असं नंतर कळलं.

पदग्रहणाबद्दल फार लिहीत नाही. शाळेच्या सभागृहात केलं, जेवण साधं ठेवलं. एवढंच सांगते, त्या समारंभावर जेवढा खर्च वाचवाल तेवढा पुढे प्रकल्पाला मिळतो, आणि नाराज फक्त दोघं-तिघं होतात.

३ जुलैला पहिली मीटिंग. क्रम ठरलेला असतो. अध्यक्ष घंटा वाजवून सभा सुरू करतात, प्रार्थना होते, मग फोर-वे टेस्ट म्हणतात. हर्बर्ट टेलर यांनी १९३२ साली एका डबघाईला आलेल्या कंपनीसाठी लिहिलेले ते चार प्रश्न: हे सत्य आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, यातून सद्भाव आणि मैत्री वाढेल का, सर्वांच्या हिताचं आहे का. आमच्याकडे ते पाढ्यासारखे एका दमात म्हटले जातात. मग वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस, सेक्रेटरीच्या सूचना, पाहुण्यांचा परिचय, भाषण, प्रश्न, आभार, राष्ट्रगीत आणि शेवटी फेलोशिप, म्हणजे चहा-नाश्ता किंवा जेवण. मध्ये सार्जंट ॲट आर्म्स, म्हणजे सभेची शिस्त बघणारे सभासद, उठून मोबाइल वाजलेल्याला, उशिरा आलेल्याला दंड करतात. काही जण मुलाचा निकाल लागला, नवी गाडी घेतली म्हणून आपणहून 'हॅपी मनी' टाकतात.

घंटा, गळ्यातली कॉलर, दंड, हे सगळं मला सभासद झाल्यापासून जरा नाटकीच वाटायचं. सेक्रेटरीच्या खुर्चीत बसल्यावर त्याचा उपयोग दिसला. खोलीत डॉक्टर, वकील, बिल्डर, प्राचार्य बसलेले असतात. दिवसभर दुसऱ्याने ऐकायची सवय असलेली माणसं. त्यांना थांबवायला घंटेइतकं सभ्य साधन दुसरं नाही. वक्त्यांच्या बाबतीतही तेच. ऑगस्टमध्ये एक पाहुणे वीस मिनिटांसाठी आले आणि पाऊण तास बोलले. लोक पाय न वाजवता मागच्या दाराने कटले. तेव्हापासून मी निमंत्रणाच्या पत्रातच "भाषण २० मिनिटं, प्रश्न १० मिनिटं" असं लिहू लागले, आणि सार्जंटकडे 'पाच मिनिटं' लिहिलेली पाटी दिली. कुणालाही राग आला नाही. उलट बऱ्याच वक्त्यांना वेळ आधी कळल्याचं बरं वाटतं. परिचय मागवताना "पाच ओळी" असं स्पष्ट लिहा, नाहीतर चार पानांचा बायोडेटा येतो आणि तो वाचणारा सभासद एकही ओळ गाळत नाही.

सेक्रेटरीच्या सूचनांना पाच मिनिटं मिळतात, आणि माझ्या मते सगळा क्लब त्या पाच मिनिटांवर चालतो. "रविवारी वृक्षारोपण आहे, सर्वांनी यावं" अशी सूचना दिली की अध्यक्ष, मी आणि फोटोग्राफर एवढेच जातो. "वकीलसाहेब, ट्रॅक्टर तुमच्याकडे. देशपांडे वहिनी, रोपवाटिकेत फोन तुम्ही करणार. बुधवारी किती रोपं मिळाली ते सांगा" अशी दिली की काम होतं. मग बुधवारी रात्री त्याचंच टिपण व्हॉट्सॲप ग्रुपवर जातं, नाव आणि काम, एवढंच. पुढच्या बुधवारी सूचनांची सुरुवात त्याच यादीने होते. ज्याचं झालं नाही त्याला मी कधी टोकलं नाही, नुसतं नाव वाचून पुढे गेले. पुरेसं होतं.

हजेरीचं रजिस्टर हा दुसरा किचकट प्रकार. मीटिंगच्या किमान ६० टक्के वेळ बसलेला माणूसच हजर धरतात. म्हणजे नेमका जेवणाला उगवणारा गैरहजर, आणि हे त्याला सांगायचं काम सेक्रेटरीचं. प्रत्येक सहामाहीत सभासदाला निम्म्या तरी मीटिंगना हजर राहावं लागतं, नाहीतर क्लबच्या प्रकल्पांत किमान १२ तास दिलेले असावे लागतात. चुकलेली मीटिंग त्याच रोटरी वर्षात दुसऱ्या क्लबमध्ये जाऊन किंवा ऑनलाइन मीटिंग करून भरून काढता येते, तिला मेक-अप म्हणतात. आमचे एक सदस्य मुलीकडे परदेशी गेले होते, तिथल्या क्लबात बसून आले आणि त्यांचा झेंडा घेऊन आले. वय आणि सभासदत्वाची वर्षं मिळून ८५ भरली आणि सभासदत्व किमान २० वर्षांचं असलं, तर हजेरीतून सूट मागता येते. आमच्या सर्वांत ज्येष्ठ काकांना ती सूट आहे. ते दर बुधवारी सव्वासातला हजर असतात.

आता बुधवारचा घोळ. कॅलेंडर घेऊन बसले तर वर्षभरात बुधवारी काय काय आलं होतं! १७ जुलैला आषाढी आणि मोहरम, २ ऑक्टोबर, २५ डिसेंबर, १ जानेवारी, २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र. ११ सप्टेंबरला गौरीपूजन होतं, ते बोर्डातल्या एकाही पुरुषाच्या लक्षात आलं नव्हतं. सुट्टीची मीटिंग बोर्ड रद्द करू शकतं, सुट्टीच्या आठवड्यातली सुद्धा. इतर कारणांनी वर्षात चारपर्यंत रद्द करता येतात, पण सलग तीनपेक्षा जास्त नाही. जुलैतच ही यादी बोर्डापुढे ठेवून ठराव करून घ्या. मग ऐनवेळी "आज आहे का हो?" हे फोन येत नाहीत.

दर आठवड्याला भेटायचंच का, यावर आमच्याकडे दोन तट होते. २०१६ पासून महिन्यातून किमान दोनदा भेटलं तरी चालतं. तरुण सभासदांना दोनच हव्या होत्या, ज्येष्ठांना चारही. हॉलचं भाडं आणि नाश्ता मिळून एका मीटिंगला पाचेक हजार जात होते, तोही मुद्दा होता. शेवटी ठरलं, महिन्यातली एक मीटिंग हॉलमध्ये न घेता एखाद्या सभासदाच्या कामाच्या जागी घ्यायची. रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस आणि त्यांचे मित्र १९०५ साली शिकागोत आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसातच भेटत होते, त्यामुळे परंपरेचा प्रश्न नव्हता. एका महिन्यात फाउंड्री बघितली, एकात दूध शीतकरण केंद्र, एकदा माझी लॅब. या मीटिंगांना हजेरी हॉलपेक्षा चांगली असायची. पंधरा वर्षं शेजारी बसणारा माणूस दिवसभर काय करतो हे पहिल्यांदा कळलं, असं दोघा-तिघांनी बोलून दाखवलं.

ऑगस्टमध्ये जिल्हा परिषदेच्या एका शाळेसाठी हँडवॉश स्टेशनचं ठरलं. नळांची रांग, वर टाकी, खाली सांडपाण्याचा निचरा. अंदाज सुमारे साठ हजारांचा. बांधकाम दहा दिवसांचं, कागद दोन महिन्यांचे. मुख्याध्यापकांचं मागणीपत्र, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज. ठरावात "देखभाल शाळा करील" हे वाक्य आग्रहाने लिहून घ्या. समितीची सभा गणपतीमुळे लांबली, काम ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू झालं, आणि १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. उद्घाटनाला अधिकाऱ्यांना बोलवायचं होतं, ते बारगळलं. क्लबमध्ये थोडी कुरकुर झाली. कोनशिला तयार होती ना! मग दादांनीच तोडगा काढला, नळ सुरू करून टाकू, समारंभ निवडणुकीनंतर बघू. मतदान २० नोव्हेंबरला, तोही बुधवारच. पुढे समारंभाची आठवण कुणी काढली नाही. कोनशिला बसवली, नारळ शाळेच्या मावशींनी फोडला.

पैशांबाबत एक महत्त्वाची गोष्ट. क्लबचं खातं वेगळं आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या क्लबच्या ट्रस्टचं खातं वेगळं. सभासदांची वर्गणी क्लबमध्ये, प्रकल्पाची देणगी ट्रस्टमध्ये. देणगीदाराला आयकरात सवलत (आमच्या वर्षी ती कलम ८०जी खाली होती) हवी असेल तर दोन हजारांवर रोख घेऊन उपयोग नाही, चेक किंवा ऑनलाइनच, आणि देणगीदाराचा पॅन तेव्हाच मागून घ्या. नंतर मागितला की माणूस दचकतो.

२४ ऑक्टोबरला जागतिक पोलिओ दिन. आदल्या दिवशी बुधवार होता, म्हणून मीटिंग त्यावरच घेतली. बाहेरचा वक्ता न बोलावता ज्येष्ठ काकांना बोलायला सांगितलं. रोटरीने पोलिओचं काम १९८५ साली हाती घेतलं, भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला, २७ मार्च २०१४ ला भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. काकांनी सोबत क्लबची जुनी मिनिट्सची वही आणली होती. कुठल्या बूथवर कोण बसणार, लसीची पेटी कुणाच्या स्कूटरवर जाणार, कुठल्या वस्तीत दार उघडलं नाही आणि तिथे परत कोण जाणार, सगळं नावानिशी. अक्षर बघत बसावं असं. त्या रात्री मी माझी मिनिट्स पुन्हा काढून वाचली आणि "चर्चा झाली" अशी जितकी वाक्यं होती तिथे कुणी काय कबूल केलं ते भरलं.

डिसेंबरात गव्हर्नरांची, म्हणजे आमच्या डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांची, अधिकृत भेट झाली. लोक उगीच घाबरतात. रजिस्टर, बोर्डाची मिनिट्स, सभासदांची यादी, प्रत्येक संचालकाचा एक पानाचा अहवाल, वर्गणी भरल्याची पावती, एवढं फाइलला असलं की पुरे. आधी असिस्टंट गव्हर्नर येऊन सगळं बघून जातात, त्यांच्यासमोरच जे अडतं ते विचारून घ्यावं. त्याच महिन्यात पुन्हा यादी तपासायची, कारण १ जानेवारीचं बिल. या वेळी दोन नवे सभासद होते. प्रस्ताव, बोर्डाची मंजुरी, मग हरकतींसाठी सात दिवस नाव सर्वांना कळवायचं, आणि नंतर पोर्टलवर नोंद, अशी आमची पद्धत. त्यातल्या एक जिल्हा परिषद शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. रोटरीत जगभर महिलांना सभासदत्व १९८९ साली खुलं झालं. आमच्या क्लबात त्या धरून आम्ही सहा.

२३ फेब्रुवारी हा रोटरीचा स्थापना दिवस, २०२५ मध्ये तो रविवारी आला. रक्तदान शिबिर ठरलं. हा माझ्या धंद्याच्या जवळचा विषय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. रक्तपेढीला महिनाभर आधी पत्र द्या आणि त्यांच्याकडून किती कॉट, किती तंत्रज्ञ, डॉक्टर कोण, हे लेखी घ्या. दात्याचं वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. पुरुषांना दोन दानांत ९० दिवसांचं अंतर, स्त्रियांना १२० दिवसांचं. हे पोस्टरवर मोठ्या अक्षरांत छापलं, तरी बऱ्याच जणी हिमोग्लोबिनमुळे परत गेल्या. खूप उत्साहाने आलेल्या असतात, चेहरा पडतो. म्हणून शेजारी आणखी एक टेबल मांडलं होतं, तिथे आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ सभासद बसल्या, परत चाललेल्या प्रत्येकीशी बोलल्या आणि पुढे कुठली तपासणी करायची ते लिहून दिलं. पुढच्या वर्षी रक्तदानाला फाटा दिला तरी ते टेबल ठेवा, असं मी अध्यक्षांना लिहून दिलंय. आणखी एक, उपाशीपोटी येऊ नका हे आदल्या रात्री मेसेज करून सांगा. रविवारी सकाळी लोक देवपूजा करून तसेच येतात.

मार्चनंतर कामाचा जोर कमी होईल असं वाटतं, होत नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि रोटरीचं ३० जूनला. ट्रस्टचा हिशेब एका तारखेला बंद होतो, क्लबचा दुसऱ्या, आणि खजिनदार बदलतो जुलैत. ट्रस्टने देणग्यांचं विवरणपत्र (आमच्या वर्षी ते १०बीडी) ३१ मेच्या आत भरायचं, मगच देणगीदारांना आयकर सवलतीचं प्रमाणपत्र (तेव्हाचं १०बीई) मिळतं, आणि ते आलं नाही की फोन सेक्रेटरीला येतात, सीएला नाही. एप्रिल ते जून या तीन महिन्यांच्या देणग्यांची वेगळी यादी करून ती नव्या खजिनदाराच्या हातात द्या. पुढच्या मे महिन्यात त्याला ती लागणार असते.

वर्षभरात आठवड्याला चार-पाच तास गेले, शिबिराच्या आणि भेटीच्या आठवड्यांत त्याहून बरेच. पेट्रोल, फोन, झेरॉक्स, हार-तुरे धरून खिशातले दहा-बारा हजार गेले असतील. प्रिंटचा खर्च क्लबकडून घ्यायला लाजू नका, तो बजेटमध्ये आधीच लिहा.

२५ जूनच्या शेवटच्या मीटिंगनंतर नव्या सेक्रेटरींना, म्हणजे त्या निवृत्त शिक्षिका बाईंना, फाइल दिली. त्यांना रजिस्टर, मिनिट्सची वही, सभासदांचे पॅन, शाळेच्या ठरावाची प्रत, वक्त्यांची यादी (कोण वेळेत थांबतं त्या खुणेसह) सगळं मिळालं. ३० जूनच्या आत यादी पुन्हा तपासायची म्हणून त्या दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये आल्या. तिघांची वर्गणी अजून यायची होती. त्यांची नावं ठेवायची की काढायची, हे विचारत होत्या. मी म्हटलं, दादांना तिघांच्याही घरी पाठवा.